रुपयाचा भाव आणि आपल्या मुलांची नोकरी

सुशिक्षित बेकारीचा विषय निघाला की आपल्या वस्तीत दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, "हल्लीच्या मुलांना कष्ट नकोत." दुसरे, "ज्याचे त्याचे नशीब." पहिले वाक्य मुलांना दोषी ठरवते आणि दुसरे कुणालाच दोषी ठरवत नाही. दोन्ही वाक्यांनी विचार मात्र तिथेच थांबतो. नशिबावर हवाला टाकून बसणे आपल्याला शोभणारे नाही. दुःख आहे तर त्याला कारण आहे आणि कारण आहे तर ते शोधता येते, ही आपली शिकवण आहे. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने बेकारीच्या कारणांचा थोडा सविस्तर विचार करावा, असे आम्ही ठरवले. आमचे सभासद आणि विशेषतः दहावीच्या पुढे शिकणारे विद्यार्थी डोळ्यांपुढे ठेवून हा लेख लिहिला आहे. अर्थशास्त्राचे अवघड शब्द आम्ही शक्य तेथे सोपे करून सांगितले आहेत.

भुईगाव हे वसई तालुक्यातले समुद्रकाठचे गाव. वाड्या, बागायती आणि मासळी यांवर इथल्या माणसांनी पिढ्यान्पिढ्या पोट भरले. ज्यांच्या नावावर वाडी नव्हती त्यांनी दुसऱ्याच्या वाडीत मजुरी केली आणि पुढे मुंबईची वाट धरली. वसई रोड स्टेशन गाठायचे, लोकल पकडायची आणि गिरणी, रेल्वे, गोदी किंवा महापालिका यांपैकी कुठेतरी चिकटायचे, हाच रस्ता होता. नंतर वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या भागांत कारखान्यांचे गाळे उभे राहिले आणि काहींना जवळच काम मिळाले. अशा गावातल्या मुलाच्या नोकरीचा वॉशिंग्टन, लंडन किंवा कुवेत यांच्याशी काय संबंध, असे कुणालाही वाटेल. परंतु संबंध आहे, आणि तो जुनाही आहे. शेजारचे सोपारा हे दोन हजार वर्षांपूर्वी दूरदेशांशी व्यापार करणारे बंदर होते. त्या व्यापाराची भरभराट आणि उतरण सोपाऱ्याच्या कारागिरांना जाणवत असणारच. आजही तेच घडते, फक्त वेग वाढला आहे.

१९९१ साली काय घडले?

हा संबंध समजून घेण्यासाठी १९९१ सालाइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले. खनिज तेलाचा भाव काही आठवड्यांतच दुपटीच्या आसपास गेला. आपला देश तेल विकत घेणारा, त्यामुळे तेलाचे बिल फुगले. दुसरीकडे आखातात नोकरी करणारे एक लाखाहून अधिक भारतीय विमानांनी मायदेशी आणावे लागले. ते घरी पाठवत होते तो पैसा आटला. डॉलरची गरज वाढली आणि डॉलर येण्याची वाट अरुंद झाली. त्याआधीच्या दशकात सरकारने घेतलेली कर्जे डोक्यावर होतीच. १९९१ च्या मध्याला देशाच्या तिजोरीत जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते परकीय चलन उरले होते.

घरात अडचण आली की दागिना गहाण पडतो. देशानेही तेच केले. मे १९९१ मध्ये २० टन सोने परदेशात देऊन डॉलर उभे केले गेले आणि जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने लंडनला पाठवून त्यावर कर्ज घेतले गेले. १ जुलै आणि ३ जुलै १९९१ अशा दोन टप्प्यांत रुपयाचे अवमूल्यन झाले. एका डॉलरला सुमारे २१ रुपये पडत होते, ते सुमारे २६ रुपये पडू लागले. २४ जुलै १९९१ रोजी पंतप्रधान नरसिंह राव यांच्या सरकारचे अर्थमंत्री डॉ. मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला आणि त्याच दिवशी नवे औद्योगिक धोरण जाहीर झाले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज मिळाले, पण त्याबरोबर अटीही आल्या. सरकारने खर्च आणि उत्पन्न यांतली तूट कमी करावी, आयातीवरील बंधने सैल करावीत आणि सार्वजनिक उद्योगांचा भार हलका करावा, असा त्यांचा रोख होता. यालाच पुढे खाजगीकरण, उदारीकरण आणि जागतिकीकरण या तीन शब्दांवरून 'खाउजा' धोरण असे नाव पडले.

हा दबाव गाळ्यापर्यंत कसा पोहोचतो?

देशावरचे संकट कामगाराच्या ताटापर्यंत येते ते मुख्यतः चार वाटांनी.

पहिली वाट रुपयाच्या भावाची. समजा, वालीवच्या एका गाळ्यात प्लास्टिकच्या वस्तू बनतात. कच्चा माल बाहेरून येतो आणि त्याची किंमत डॉलरमध्ये ठरते. डॉलर २१ वरून २६ रुपयांवर गेला की मालाची किंमत न बदलताही गाळेवाल्याला तोच माल जवळजवळ पंचवीस टक्के महाग पडतो. त्यातच १९९१ मध्ये आयात करणाऱ्याला मालाच्या किमतीच्या दुपटीएवढी रक्कम आधी बँकेत ठेवावी लागे, असा कडक नियम काही काळ होता. मोठ्या कंपनीला हे झेपते. लहान गाळेवाला एक पाळी बंद करतो.

दुसरी वाट व्याजाची. महागाई रोखावी आणि देशातला पैसा बाहेर जाऊ नये म्हणून रिझर्व्ह बँक व्याजदर चढवते. १९९१ च्या जुलैमध्ये बँक दर १० वरून ११ टक्के आणि ऑक्टोबरमध्ये १२ टक्के झाला. समजा, गाळेवाल्याचे पाच लाखांचे कर्ज आहे आणि व्याज चार टक्क्यांनी वाढले. वर्षाला २० हजार रुपये जास्त गेले. त्या काळी एखाद्या कामगाराचा वर्षभराचा पगार निघेल एवढी ही रक्कम. ती कुठून काढायची? यंत्र काढून टाकता येत नाही, भाडे चुकवता येत नाही, मग माणूस कमी होतो. २०१३ च्या उन्हाळ्यातही असेच घडले. अमेरिकेची मध्यवर्ती बँक आपला सैल हात आवरता घेणार, एवढ्या सूचनेने परदेशी पैसा भारतातून बाहेर पडू लागला. रुपया डॉलरला ६८ च्या पुढे घसरला आणि रिझर्व्ह बँकेला अल्पमुदतीचे व्याज वाढवावे लागले. निर्णय अमेरिकेत झाला आणि कर्ज इथले महागले.

तिसरी वाट व्यापाराची. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली. आयात होणाऱ्या मालाच्या संख्येवरची जी बंधने उरली होती ती १ एप्रिल २००१ पासून भारताने काढली. पूर्वी आठशेहून अधिक वस्तू केवळ लघुउद्योगांनीच बनवाव्यात असा राखीव यादीचा नियम होता. ती यादी हळूहळू कमी होत २०१५ मध्ये संपली. ज्या वस्तू लहान गाळ्यांत बनत त्यांच्याशी परदेशी आणि मोठ्या कारखान्यांच्या मालाची सरळ टक्कर सुरू झाली. याउलट ज्यांचा माल परदेशात जातो त्यांचे भवितव्य परक्या बाजाराशी बांधले गेले. २००८ मध्ये अमेरिकेत मंदी आली तेव्हा केंद्राच्या श्रम ब्युरोच्या पाहणीनुसार ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पाहणीतल्या उद्योगांत सुमारे पाच लाख रोजगार गेले. हिरे-दागिने आणि कापड उद्योग त्यांत होते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावले तेव्हा पहिली चिंता पडली ती पुन्हा कापड, दागिने आणि कोळंबीच्या धंद्यांना.

चौथी वाट सरकारी खर्चाची. आपल्या समाजाच्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून तिचा स्वतंत्र विचार करू.

दार उघडले आणि खोली लहान झाली

महाराष्ट्रात यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना राज्य सरकारने बौद्धांना सवलती दिल्या. केंद्राच्या नोकऱ्यांत मात्र धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातीचा हक्क मिळण्यासाठी १९९० साल उजाडावे लागले. पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या कारकिर्दीत तो कायदा झाला. म्हणजे १९५६ च्या धर्मांतरानंतर चौतीस वर्षांनी रेल्वे, टपाल, बँका, विमा आणि गोदी यांचे दार आपल्या मुलांना हक्काने उघडले. आणि पुढच्याच वर्षी देशाने खर्चकपातीचा मार्ग धरला.

संविधानाने दिलेले राखीव जागांचे संरक्षण सरकारी नोकरीला आहे. खाजगी कारखान्याला ते लागू नाही. त्यामुळे एकूण सरकारी जागाच कमी झाल्या तर टक्केवारी तशीच राहूनही हाती पडणारी संख्या घटते. शंभर जागांचे पंधरा टक्के म्हणजे पंधरा. त्या चाळीस झाल्या की तेच पंधरा टक्के म्हणजे सहा. आरक्षणाला कुणी हात लावलेला नसतो, तरी नऊ घरांतली चूल विझलेली असते.

प्रत्यक्षात काय झाले ते पाहू. देशातल्या संघटित सार्वजनिक क्षेत्रातील नोकऱ्या १९९७ मध्ये सुमारे १ कोटी ९५ लाख होत्या. २०१२ मध्ये त्या सुमारे १ कोटी ७६ लाखांवर आल्या. या काळात देशाची लोकसंख्या आणि पदवीधरांची संख्या भराभर वाढत होती. रेल्वेत १९९१ च्या सुमारास साडेसोळा लाख कर्मचारी होते, २०१८ च्या सुमारास ते पावणेतेरा लाखांच्या आत आले. पाचव्या वेतन आयोगाने १९९७ मध्ये पगारवाढीबरोबर पदे तीस टक्के कमी करण्याचीही शिफारस केली होती. मे २००१ मध्ये केंद्राने हुकूम काढला की सरळ भरतीच्या रिकाम्या जागांपैकी साधारण एक तृतीयांशच भराव्यात. तो २००९ पर्यंत चालला. २००३ मध्ये वित्तीय तूट तीन टक्क्यांवर आणण्याचे बंधन घालणारा कायदा संसदेने केला आणि राज्यांनीही तसेच कायदे केले. महाराष्ट्रात कोरोनाच्या संकटात ४ मे २०२० च्या निर्णयाने आरोग्यासारखी निकडीची खाती सोडून नवी भरती थांबवली गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारी कामासाठी खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी माणसे घेण्याचा शासननिर्णय आला. राज्यभर विरोध झाल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये तो रद्द करावा लागला.

विद्यार्थ्यांनी ही साखळी नीट लक्षात घ्यावी. आखातातले युद्ध, डॉलरची टंचाई, नाणेनिधीचे कर्ज, तूट कमी करण्याची अट, भरतीवर बंधन, अनुशेष आणि घरी बसलेला पदवीधर, अशा या कड्या आहेत. शेवटची कडी तेवढी आपल्याला दिसते आणि आपण तिलाच दोष देतो.

संकट सरले, बेकारी का राहिली?

येथे एक प्रश्न विचारला पाहिजे. १९९१ चे संकट दोन-तीन वर्षांत निवळले. आज देशाच्या गंगाजळीत सहाशे अब्ज डॉलरच्या वर परकीय चलन आहे. मग बेकारी का गेली नाही? ताप उतरला तरी अशक्तपणा राहतो, तसे काहीसे इथे होते. त्याची कारणे अशी.

एक, बंद झालेला कारखाना परत उघडत नाही. मुंबईच्या गिरण्यांचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. अनेकजण परत कामावर गेलेच नाहीत. गिरण्या जुन्या झाल्या होत्या, कापडाचे उत्पादन यंत्रमागांकडे सरकत होते. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्याची वाट मोकळी केली आणि २००१ च्या दुरुस्तीने ती मालकांसाठी आणखी रुंद झाली. चिमणीच्या जागी टॉवर आला. नंतर कापडाला कितीही मागणी आली तरी त्या टॉवरमध्ये साचा लागणार नव्हता. गिरणगावातून अनेक कुटुंबे वसई, नालासोपारा, विरारकडे सरकली ती याच काळात.

दोन, रिकामा बसलेला माणूस कामापासून दूर जातो. हात विसरतो, नवे यंत्र येते, ओळखी तुटतात. सरकारी भरती आठ वर्षे आखडली की बाविसाव्या वर्षी पदवी घेतलेला मुलगा तिशीत पोहोचतो. वयाची मर्यादा ओलांडली की भरती सुरू होऊनही त्याला उपयोग नाही. राष्ट्रासाठी आठ वर्षे हा छोटा काळ असेल, त्या मुलासाठी तो सगळाच काळ असतो.

तीन, मालक शहाणा होतो. एकदा कामगारकपातीचा त्रास भोगल्यावर तो पुढच्या तेजीत कायम माणूस घेत नाही, कंत्राटी घेतो. काम वाढले तरी नोकरी वाढत नाही. कंत्राटी मुलगा वर्षातून चार महिने घरी असतो, पण पाहणीत तो कामावर असलेला दिसतो.

चार, शिक्षण वाढले पण शिकलेल्याला साजेसे काम त्या वेगाने वाढले नाही. २०२३-२४ च्या सरकारी पाहणीत देशातील एकूण बेकारी ३.२ टक्के होती, पण १५ ते २९ वयाच्या तरुणांत ती १०.२ टक्के होती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये तरुण पदवीधरांतील बेकारी २९ टक्क्यांच्या घरात, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ती साडेतीन टक्क्यांच्या आत होती. याचा अर्थ शिकू नये असा मुळीच नाही. ज्याच्या घरी खायला नाही त्याला बेकार राहणे परवडत नाही, तो मिळेल ते काम करतो. ज्याच्या घरच्यांनी पोटाला चिमटा काढून त्याला शिकवले तो योग्य नोकरीची वाट पाहतो. ही वाट पाहणे म्हणजे आळस नव्हे.

पाच, पाणी उताराकडे जाते तसे संकटही. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. जास्त पगाराचे ते खाते आपल्या माणसांना बंद होते. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. ज्याला आधीच खालच्या पायरीवर ठेवले आहे त्याच्याकडे वाडी नसते, गाळा नसतो, नोकरी लावून देणारा मामा नसतो. म्हणून तीच मंदी एकाला सहा महिने नडते आणि दुसऱ्याची पिढी खाते.

दुसरी बाजू

एकच बाजू सांगणे हा अभ्यास नव्हे. १९९१ पूर्वी सगळे आबादीआबाद होते असे नाही. परवाना राज्यात उद्योग वाढत नव्हते आणि सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवून 'कॉल'ची वाट पाहणारे तेव्हाही लाखोंनी होते. सोने गहाण टाकण्याची पाळी आली ती आधीच्या उधळपट्टीमुळेही. नव्या धोरणानंतर देशाचे उत्पन्न वेगाने वाढले, संगणक आणि दूरध्वनीच्या क्षेत्रात नव्या नोकऱ्या आल्या आणि आपल्यातल्याही काही मुलामुलींनी त्या मिळवल्या. प्रश्न धोरण बदलावे की नाही एवढाच नव्हता. बदलाचा भार कोणी उचलायचा, हा खरा प्रश्न होता आणि आहे.

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी बाबासाहेबांनी विचारला होता. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध १९२३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. पुढे हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. रुपया उतरला की निर्यातदाराला फायदा होतो आणि लोक त्याला देशाचा फायदा म्हणतात. परंतु रुपया उतरला की किमती आधी चढतात आणि मजुरी मागाहून, कशीबशी. म्हणजे निर्यातदाराचा नफा हा बऱ्याच अंशी मजुराच्या खिशातून आलेला असतो, हे त्यांनी दाखवून दिले. चलनाचा भाव हा केवळ बँकवाल्यांचा विषय नाही, तो मजुराच्या भाकरीचा विषय आहे, ही दृष्टी त्यांनी दिली. आपण त्यांना कायदेपंडित म्हणून वंदन करतो, अर्थतज्ज्ञ म्हणून मात्र फारसे वाचत नाही.

मग उपाय काय?

सरकारने मनात आणले तर भार वाटून घेता येतो, याचे उदाहरण महाराष्ट्रानेच घालून दिले आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना राबवली गेली आणि पुढे तिला कायद्याचे रूप मिळाले. तिच्यासाठी शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला गेला. मुंबईच्या नोकरदाराच्या पगारातून कापलेले चार पैसे मराठवाड्यातल्या मजुराच्या रोजंदारीला लागले. २००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला त्यामागे हाच अनुभव होता. शहरांसाठी अशी हमी मात्र झाली नाही. भुईगाव आता वसई-विरार महापालिकेच्या छायेत आहे, तेव्हा शहरी रोजगार हमीची मागणी ही आपलीही मागणी असली पाहिजे. रिकाम्या राखीव जागांचा अनुशेष भरणे, कायम स्वरूपाच्या कामाला कायम माणूस नेमणे आणि लहान गाळेवाल्यांना स्वस्त कर्ज देणे, या मागण्याही तितक्याच महत्त्वाच्या आहेत.

आपल्या हातातल्या गोष्टीही आहेत. विद्यार्थ्यांनी स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करावा, पण केवळ त्याच एका दारापाशी दहा वर्षे उभे राहू नये. आयटीआय, शिकाऊ उमेदवारी किंवा एखादे तंत्रकौशल्य जोडीला असू द्यावे. सभासदांनी बचतगट आणि पतपेढी यांकडे केवळ लग्नकार्याच्या कर्जासाठी पाहू नये, धंद्याच्या भांडवलासाठीही पाहावे. वर्तमानपत्रातले अर्थसंकल्पाचे पान सोडून देण्याची सवय मोडावी. व्याजदर वाढला, रुपया घसरला, भरती थांबली या बातम्या आपल्याच घराच्या आहेत.

आणि वडीलधाऱ्यांना एक विनंती. घरात बसलेल्या मुलाला टोचून बोलण्याआधी ही साखळी एकदा आठवावी. त्याने प्रयत्न सोडू नयेत हे खरे. पण अपयशाचे सगळे ओझे त्याच्या एकट्याच्या डोक्यावर ठेवले तर तो आधी मनाने खचतो आणि मग प्रयत्नही सोडतो. कारण कळले की माणूस स्वतःला दोष देणे थांबवतो, चार जणांना सोबत घेतो आणि मागणे मागायला उभा राहतो. शिकणे, संघटित होणे आणि संघर्ष करणे यांचा क्रम बाबासाहेबांनी उगाच तसा लावलेला नाही.